जगाचा बाजार, आपला गाव (भाग 5) : उभ्या कापसावर नांगर

मागच्या आठवड्यात आपण ऑक्टोबर 1929 मध्ये कोसळलेल्या न्यूयॉर्कच्या शेअरबाजारापाशी थांबलो होतो. आज सेलू-मानवतच्या पेठेत येऊ.

परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथून गेलेली, आणि तिच्या जोरावर सेलू, मानवत, परभणीचा कापूस मुंबईच्या बाजाराशी बांधला गेला. इथली गावरानी रुई देशी वाणांत नावाजलेली. पण तिचा भाव ना इथला आडत्या ठरवायचा, ना निजाम सरकार. न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलचे आकडे तारेनं मुंबईत यायचे आणि मुंबईचा भाव पेठेत. (न्यूयॉर्कच्या याच आकड्यांवर मुंबईकर पैसे लावायचे, पुढे त्यातूनच मटका निघाला.)

अमेरिकेच्या ज्या तेजीचे एवढे गोडवे गायले जातात, ती शहरातली : मोटारी, रेडिओ, हप्त्यावरची खरेदी. कापूसवाला शेतकरी 1920 च्या मंदीत आपटला होता, 1926 च्या विक्रमी पिकानं पुन्हा आपटला. 1929 नंतर तर पौंडाला 17-18 सेंटचा भाव तीन वर्षांत 6 सेंटांच्या आसपास आला.

तो फटका तारेवरून मराठवाड्यातही पोचला. भाव पडला, पण शेतसारा रोखीचा आणि आधीच ठरलेला. सावकाराचं मुद्दलही होतं तेवढंच, म्हणजे ते फेडायला आता कितीतरी जास्त कापूस लागणार. 1931 च्या सप्टेंबरात इंग्लंडनं सुवर्णमान सोडला, सोनं महागलं आणि हिंदुस्थानभर घराघरांतले दागिने मोडीत निघून परदेशी जाऊ लागले. सोन्याची ही निर्यात ब्रिटिश सरकारला सोयीची होती. ज्यांच्या पाटल्या गेल्या त्यांना ती कशी वाटली असेल, हे सांगायला नको.

तिकडे अमेरिकेत मार्च 1933 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट सत्तेवर आले. बँका काही दिवस बंद ठेवून त्यातल्या धडधाकट तेवढ्याच उघडल्या, ठेवींना विमा दिला. मात्र आपल्या कामाची गोष्ट मे महिन्यातल्या शेती कायद्याची. पीक जास्त म्हणून भाव नाही, तर पीकच कमी करायचं! त्या उन्हाळ्यात सुमारे 1 कोटी एकरांवरचा उभा कापूस मोडण्याचे करार झाले, एकरी पैसे देऊन. खेचरं अडून बसायची, असं सांगतात. जन्मभर ओळीतल्या झाडावर पाय न देण्याची सवय लावलेली जनावरं ती. आता मालकच त्यांना झाडांवर हाकत होता. ऑक्टोबरपासून पौंडाला 10 सेंट धरून कापूस तारण ठेवून कर्जही मिळू लागलं.

भाव सावरला. पण सरकारी पैसा आधी जमिनीच्या मालकाच्या हाती पडला. बटईदाराचा वाटा पुष्कळ ठिकाणी त्याच्यापर्यंत आलाच नाही. पेरा घटला म्हणून तर कित्येकांना घर सोडावं लागलं. 1934 मध्ये आर्कान्सामध्ये गोऱ्या आणि काळ्या बटईदारांनी मिळून संघटना काढली, ती यातूनच. या योजनेचं एरवी कौतुक करणाऱ्यांनी ही बाजू झाकू नये. 1936 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा शेती कायदा रद्द केला, तो मात्र बटईदारासाठी नव्हे. गिरण्यांवरच्या ज्या करातून हा खर्च निघत होता, तो घटनेत बसेना म्हणून.

इकडे निजामाच्या राज्यात अर्थशास्त्रज्ञ केशव अय्यंगारांनी 1929-30 मध्ये नांदेडसह काही जिल्ह्यांतल्या गावांची आर्थिक पाहणी केली. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या जमिनीला संरक्षण देणारे कायदे 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. भावाला आधार मात्र नव्हता.

तो आला 1972 मध्ये, महाराष्ट्राच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेतून (कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा). रूझवेल्टनं भाव बांधताना पेरा आवळला होता. आपण हमीभावानं घ्यायचं ठरवलं, पण पेऱ्याला हात लावला नाही. बाहेर भाव चढला की गाड्या राज्याच्या सीमेपलीकडे जायच्या, पडला की खरेदी केंद्रासमोर रांगा लागायच्या. तोटा फुगत गेला. त्याचा हिशेब पुढच्या भागात, कारण त्यात गिरणी, सरकारसाठी खरेदी करणारा पणन महासंघ आणि मंत्रालय अशा तिघांच्या वह्या उघडाव्या लागतील.