सर्पदंश : पहिला तास तालुक्याचा

पावसाळा लागला, की नांदेड-लातूरच्या शेतशिवारात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. सोयाबीनच्या काढणीत घोणस पायाला डसते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. मण्यार चावल्याची खूण अनेकदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरचे ‘पित्त झाले असेल’ म्हणून थांबतात आणि तोवर श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. यातले बहुतेक ग्रामीण भागातले. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

किनवटहून नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून दूर आहे. म्हणून पहिले उपचार गावाजवळच व्हायला हवेत. ते शक्य असते, हे मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी डॉ. दिलीप पुंडे यांनी वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण बरे करून दाखवले आहे.

त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात भिनले आहे, असे समजून प्रतिविष सुरू करायचे. लहान मुलालाही प्रतिविषाची मात्रा मोठ्यांइतकीच लागते, कारण साप विष वय पाहून सोडत नाही. नाग-मण्यारीच्या दंशात मात्र नुसते प्रतिविष पुरत नाही. श्वास मंदावला, तर व्हेंटिलेटर मिळेपर्यंत हाताने दाबायच्या अंबू बॅगने तो चालू ठेवावा लागतो.

आपत्कालीन वैद्यकशास्त्राला देशात स्वतंत्र विषय म्हणून मान्यता २००९ मध्ये मिळाली. ही कौशल्ये प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरच्या हातात असणे, हीच त्या शिक्षणाची खरी कसोटी.

आपण काय करावे? दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. अंगठी, जोडवी काढा. हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. साप मारण्यात वेळ घालवू नका. १०८ला फोन करा आणि मांत्रिकाचे घर ओलांडून थेट दवाखाना गाठा.