सेल वाढला, पण ऑफरमुळेच का?



व्हिडिओमध्ये हा हिशोब जरा घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहितोय.

माझं स्टेशनरीचं दुकान. एका जूनमध्ये वह्यांवर १० टक्के सूट दिली. मे महिन्यात ४० हजारांच्या वह्या गेल्या होत्या, जूनमध्ये छापील किमतीने १ लाखाच्या गेल्या. म्हटलं, ऑफर हिट!

पण जूनमध्ये शाळा उघडतात. वह्या सुटीशिवायही खपतातच. मग ऑफरमुळे नक्की किती वाढलं?

इकॉनोमेट्रिक्सवाले, म्हणजे आकडेवारी आणि गणित वापरणारे अर्थतज्ज्ञ, असलेच प्रश्न सोडवतात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. पगार वाढला की मालक माणसं कमी करणार, असा नेहमीचा अंदाज. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी तो तपासला. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात वेतन वाढलं नव्हतं. त्यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांची माहिती वाढीच्या आधी आणि नंतर घेतली. दोन्हीकडे किती बदल झाला ते पाहिलं आणि त्या बदलांतला फरक काढला. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले, पण तुलनेची ही रीत जगभर वापरात आली. २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये कार्ड यांचा वाटा होता.

आता हेच माझ्या गल्ल्यावर लावू. आदल्या वर्षी सूट नव्हती. तेव्हा मेमध्ये ३० हजार, जूनमध्ये ७२ हजार, म्हणजे २.४ पट. त्याच हिशोबाने यंदा ४० हजारांचे ९६ हजार तसेही झाले असते. ऑफरने जास्तीची विक्री दिली फक्त ४ हजारांची, आणि त्यासाठी मी सूट वाटली १० हजारांची! सूट त्यांनाही मिळाली, जे पूर्ण किमतीत घेणारच होते.

एक काळजी घ्या. तुलना जोडीची हवी. यंदा समोरचं दुकान बंद पडलं असेल, किंवा जवळ नवी शाळा सुरू झाली असेल, तर मागचं वर्ष मापाला चालणार नाही.

म्हणून पुढची ऑफर लावण्याआधी वहीत एक ओळ लिहा: 'ऑफर नसती तर किती विकलं असतं?' महिना संपल्यावर त्या आकड्याशी ताडून बघा. आणि काय निघालं ते मला नक्की कळवा!