घरकुल बांधताना: नियम कोणासाठी?

मागच्या पावसाळ्यानंतर भोकरदन तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवर गेलो होतो. तिथल्या एका मावशींचे घरकुल दोन वर्षांपूर्वीच उभे राहिले होते, पण मागच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली होती. मावशी म्हणाल्या, "दादा, सरकारी घर एकदाच मिळतं. हे पडलं तर लेकरं घेऊन कुठं जाऊ?" पाया किती खणला होता, असे मी विचारले. "गुडघ्याच्या जरा वर. खाली काळीच माती होती. मिस्तरी म्हणाला, चालतंय."

चूक तिथेच झाली होती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर टेकलेली भिंतही दरवर्षी वर-खाली होते. म्हणून पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावा लागतो.

इमारतींसाठी असे नियम भारतीय मानक ब्युरोने लिहून ठेवले आहेत. त्यांना 'आय.एस.' क्रमांक असतात. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत तर टिकाऊ आणि पर्यावरणाला जपणाऱ्या बांधकामासाठी वेगळा भाग आहे. हे सगळे शहरातल्या इंजिनियरांसाठी आहे असे आपल्याला वाटते. पण प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी ठेकेदार नेमता येत नाही. लाभार्थ्याने स्वतः बांधायचे किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घ्यायचे असते. म्हणजे २५ चौरस मीटरच्या त्या घराची देखरेख त्या मावशीच करतात. नियम माहीत असण्याची खरी गरज त्यांनाच आहे.

बायबलमध्येही बांधकामाचा एक नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, अशा अर्थाची आज्ञा अनुवादाच्या २२व्या अध्यायात आहे. बांधणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचा जीव असतो, हे त्यामागचे कारण. आजच्या संहितांचेही कारण तेच आहे.

मराठवाड्याला हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने शिकवले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशा घरांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. अशा भिंतींसाठी आय.एस. १३८२८ मध्ये साधे उपाय सांगितले आहेत. दर दोन फूट उंचीवर, आडवे चार फुटांच्या आत, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवावा. त्यामुळे भिंतीचे आतले-बाहेरचे थर सुटत नाहीत. शिवाय दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालावा.

सळई : आपल्या जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळई तयार होते. जुन्या लोखंडाचा असा पुन्हा उपयोग होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र घेताना सळईवर आय.एस.आय. चिन्ह आणि 'फे ५००' यांसारखी प्रत उठवलेली आहे ना, ते पाहावे. खुणा नसलेली सळई स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पाणी : स्लॅबला पाणी कमी पडले तर सिमेंट पूर्ण ताकद धरत नाही. राखमिश्रित सिमेंट असेल तर किमान १० दिवस, आणि कोरड्या कडक उन्हात १४ दिवस ओलावा टिकवावा, असे आय.एस. ४५६ सांगते. आपल्याकडे एप्रिलमध्ये प्यायलाच टँकर लागतो, तेव्हा स्लॅबला पाणी कुठून आणणार? म्हणून शक्यतो पावसाळा संपताच, विहिरींना पाणी असताना काम काढावे. स्लॅबवर मातीचे छोटे वाफे करून पाणी साठवावे, भिंतींवर ओले गोणपाट टाकावे. पाणी कमी लागते आणि ओलही टिकते.

विटा : औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे शेताची माती आणि जळण दोन्ही वाचते. विटा कशा रचायच्या, यातही बचत आहे. इंग्लंडहून १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचण्याची पद्धत इथे रुजवली. भिंतीत पोकळी राहते, सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि घर थंड राहते. बेकर काही वर्षे केरळात वागमोनच्या डोंगरात आदिवासींमध्ये राहिले होते. गरिबाचे घर स्वस्त असावे, पण कच्चे नसावे, हे त्यांनी बांधून दाखवले. मात्र ही रचना येणारा मिस्तरीच हवा.

आपल्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. शबरी आदिवासी घरकुल योजना असो की आवास योजना, मंजुरीचा कागद हाती आला की कुटुंबाबरोबर बसा. पाया भरण्याआधी पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याला खड्डा दाखवा आणि मुरूम लागल्याची खात्री करूनच पहिला दगड ठेवा. हप्ता मिळण्यासाठी फोटो काढतातच; पाया, पट्टा आणि सळईचेही फोटो आपल्याजवळ ठेवा.

मावशींच्या भिंतीचे काम आता काढायचे आहे. अभियंत्यांनी पाहून खालून आधार द्यायला सांगितला आहे. पाया सुरुवातीलाच मुरुमापर्यंत नेला असता, तर हा दुसरा खर्च त्यांच्यावर आला नसता.