ख्रिस्ताचे पुनरुत्थान : अर्थ आणि आशय

ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयीचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना सविस्तर लेखी उल्लेख चार शुभवर्तमानांपैकी एकाही ग्रंथात नाही. इ. स. 55 च्या सुमारास पौलाने करिंथ या ग्रीक नगरातील लहानशा ख्रिस्ती मंडळीला जे पत्र लिहिले, त्याच्या पंधराव्या अध्यायात तो आढळतो. पत्र लिहिण्यास तसेच कारण घडले होते. मृत माणसे पुन्हा उठतात हे त्या मंडळीतील काहींना मान्य नव्हते. पौलाने त्यांना दिलेले उत्तर निःसंदिग्ध आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला सारा उपदेश पोकळ ठरतो आणि आपण देवाविषयी खोटी साक्ष दिली असे होते, असे तो म्हणतो. आपल्या श्रद्धेचा सारा भार एकाच घटनेवर टाकण्याचे असे धाडस धर्मसाहित्यात क्वचितच दिसते.

या अध्यायात पौल साक्षीदारांची यादी देतो : पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, आणि शेवटी तो स्वतः. ही परंपरा आपल्याला इतरांकडून मिळाली, असेही तो सांगतो. म्हणजेच ती पत्राहून जुनी आहे.

भारतीय वाचकाने येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. तसेच, देह नष्ट झाला तरी आत्मा अविनाशी राहतो हा विचारही येथे अभिप्रेत नाही. तो विचार आपल्याला गीतेमुळे परिचित आहे, आणि प्लेटोच्या अनुयायांनाही तो परका नव्हता. करिंथकरांची अडचण बहुधा हीच होती. देहाच्या बंधनातून सुटण्यातच ज्यांना मुक्ती दिसते, त्यांना देह परत मिळण्याचे आश्वासन विचित्र वाटणारच. अथेन्समध्ये पौलाने हा विषय काढताच काही श्रोत्यांनी त्याची टर उडवली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात नमूद आहे. यहुदी परंपरेत मात्र माणूस म्हणजे देहासहित माणूस. ही सृष्टी देवाने निर्माण केली व ती चांगली आहे, तेव्हा तिचा उद्धार व्हावयाचा तो देह वगळून कसा होईल, अशी ही विचारसरणी आहे. अर्थात यहुद्यांतही मतभेद होतेच. परूशी पुनरुत्थान मानीत, सदूकी मानीत नसत.

मग हा देह पूर्वीचाच काय? लाजराला येशूने कबरेतून बाहेर बोलावले अशी कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पण लाजर पूर्वीच्याच आयुष्यात परतला, आणि पुढे त्याला मृत्यू होताच. ख्रिस्ताचे उठणे या प्रकारचे नाही. पौल पेरलेल्या दाण्याचा दृष्टान्त देतो. दाणा आणि त्यातून वर आलेले रोप यांत सातत्य असते, तरी दोहोंचे रूप एक नसते. शुभवर्तमानांतील वृत्तान्तही हा ताण मोकळेपणाने दाखवतात. मग्दालीया मरीयेला येशू प्रथम माळी वाटतो. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे त्याच्याबरोबर मैलोगणती चालूनही त्याला ओळखत नाहीत. ओळख पटते ती भाकर मोडताना. आणि तरीही थोमाला दाखविलेल्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेतच. व्रण पुसले गेले नाहीत, ही बाब मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

कारण तो मृत्यू साधा नव्हता. क्रूस ही गुलामांना व बंडखोरांना द्यावयाची रोमन शिक्षा होती, आणि झाडावर टांगलेला मनुष्य शापित होय असे यहुदी धर्मशास्त्रही सांगत होते. अशा रीतीने मारल्या गेलेल्या माणसाला देवाने उठविले, याचा अर्थ पंतय पिलाताच्या न्यायासनावरील निर्णय देवाने फिरविला, असा आद्य शिष्यांनी घेतला. जगातील सत्तेचा शब्द अखेरचा नसतो, ही ग्वाही त्यांना त्यात दिसली.

प्रत्यक्ष पुनरुत्थानाचा क्षण मात्र चारही शुभवर्तमानांत कोठेच वर्णिलेला नाही. कबर रिकामी आहे, हे प्रथम स्त्रियांना कळते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत तर, भयभीत स्त्रिया पळून गेल्या व कोणास काही बोलल्या नाहीत, येथेच ग्रंथ संपतो. ज्याला केवळ प्रचार साधावयाचा आहे, त्याने कथा अशी सोडली नसती.

इतिहासाच्या साधनांनी या घटनेचा निवाडा होऊ शकेल काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही. रुडॉल्फ बुल्टमान या जर्मन पंडिताने 1941 मधील व्याख्यानात, पुनरुत्थानाचा अर्थ क्रूसाच्या संदेशावरील श्रद्धेतच शोधला. पुढे वोल्फहार्ट पानेनबेर्ग यांनी, ही घटना इतिहासाच्या कक्षेत आणल्यावाचून श्रद्धेला आधार उरत नाही, असे प्रतिपादन केले. शिष्यांना काहीतरी विलक्षण प्रत्ययास आले, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. मतभेद आहे तो त्या प्रत्ययाच्या स्वरूपाविषयी.

पूर्वेकडील चर्चने या श्रद्धेला दिलेले चित्ररूप मात्र पाहण्यासारखे आहे. इस्तंबूलमधील कोरा चर्चमध्ये (आता तेथे मशीद आहे) चौदाव्या शतकाच्या आरंभीचे एक भव्य भित्तिचित्र आहे. त्यात ख्रिस्त एकटा वर येत नाही. अधोलोकाची दारे मोडून पडली आहेत, कड्या-कुलपे विखुरली आहेत, आणि शुभ्र वस्त्रांतील ख्रिस्त एका हाताने आदमाचे व दुसऱ्या हाताने हव्वेचे मनगट धरून दोघांनाही त्यांच्या शवपेट्यांतून खेचून बाहेर काढीत आहे.