मानेचा कोन

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील हौशी तरुणांनी घरच्या गॅरेजात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींचे जड मडगार्ड व अनावश्यक साज उतरवून जी परंपरा आरंभिली, तिचेच परिणत रूप म्हणजे १९६०च्या दशकातील चॉपर. त्याच्या घडणीत सर्वांत नाजूक काम चासीच्या मानेचे. कारण हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो ती कापून, उभ्या रेषेपासूनचा तिचा कल साधारण ३० अंशांवरून ४० अंशांपलीकडे नेऊन पुन्हा वेल्डिंगने जोडली, की पुढचे चाक दूर सरते, नळीचा अक्ष जमिनीला जेथे भिडतो त्या बिंदूपासून टायरचा टेकू अधिक मागे पडतो, आणि सरळ मार्गावर गाडी स्थिर चालली तरी मंद गतीत हँडल जड होऊन एका अंगास कलंडू लागते. सबब पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची लांबी व हा कोन यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा, आणि तो जोड, ज्यावर स्वाराचा प्राण अवलंबून असतो, निष्णात वेल्डरकडूनच करून घ्यावा. अशा निष्णात हातांची गोष्ट निघाली की ‘इझी रायडर’ (१९६९) आठवतो: या चित्रपटातील जगद्विख्यात चॉपर आखणारे व घडविणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर होते. त्यांचा नामोल्लेखही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत झाला नाही, हे आजही मनाला सलते.