कारंजं विकणे आहे!

भर दिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कुणी रोमचं त्रेवी कारंजं विकू शकेल? १९६१च्या ‘तोतोत्रुफ्फा ६२’ या इटालियन चित्रपटात तोतो नावाचा अवलिया नट ते विकतो. आणि बघता बघता आपल्यालाही व्यवहार चोख वाटायला लागतो!

माल केवढा, ते तरी बघा. सुमारे २६ मीटर उंच, ४९ मीटर रुंद. एका महालाला पाठ लावून उभं राहिलेलं हे काम १७३२ साली सुरू झालं आणि पुरं व्हायला तीस वर्षं लागली. चित्रपट येण्याच्या आदल्याच वर्षी दिग्दर्शक फेलिनीच्या ‘ला दोल्चे वीता’ या चित्रपटाची नायिका याच पाण्यात उतरली होती. म्हणजे माल जगजाहीर. मग तो गळ्यात मारायचा कसा?

गिऱ्हाईक आहे अमेरिकेत राहिलेला, गाठीला पैसा असलेला एक इटालियन. तोतो त्याला आपलं आडनावच ‘त्रेवी’ सांगतो. कारंजं घरचंच! आता जरा थांबा आणि मोजा, इथे खोटं कितीसं आहे? पर्यटक खरे. पाण्यात पडणारी नाणी खरी, कारण नाणं टाकलं की रोमला परत येणं होतं ही समजूतही खरीच. खोटं एवढंच, की मालक मी! ना सातबारा, ना खरेदीखत. पुरावा पुरवतात रस्त्यावरची माणसं, तेही फुकटात. दिवसाला किती नाणी, वर्षाला किती, हा हिशेब गिऱ्हाईक मनातल्या मनात स्वतःच करतो. ठकाला फक्त इसार घ्यायचा उरतो.

आणि हा सगळा उपद्व्याप कशासाठी? महागड्या शाळेत शिकणाऱ्या लेकीसाठी. तिला वाटतंय, बाबा मोठे मुत्सद्दी आहेत! म्हणजे या भामट्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक घरातच आहे.

पण खरी कमाल पुढेच आहे. १९५७ पासून तोतोला जवळजवळ दिसतच नव्हतं. एरवी डोळ्यांवर काळा चष्मा असायचा. कॅमेरा सुरू व्हायच्या वेळी तो उतरायचा आणि लगेच हनुवटी एकीकडे, मान दुसरीकडे, भुवया तिसरीकडे, सगळं कळसूत्री बाहुलीसारखं अचूक हलू लागायचं. कुठे चाचपडणं नाही, की अडखळणं नाही. जे कारंजं तो इतक्या ऐटीत दाखवतोय, ते त्याला स्वतःला धड दिसतही नसणार!

पडद्यावरच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत त्यानं एकदाच धूळ फेकली. आपल्या डोळ्यांत मात्र चित्रपटभर फेकत राहिला.