धाकटा आला, तरी थोरला दुकानातच!

नवा फोन आला की आधीचा मॉडेल दोन वर्षांत शोकेसमधून गायब होतो. गेमिंग कन्सोलचं तसं नाही. इथे धाकटा बाजारात आल्यावरही थोरला वर्षानुवर्षं कमावत राहतो. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २.

पीएस-२ जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला. त्याचा वारसदार पीएस-३ नोव्हेंबर २००६ मध्ये उतरला. आता पीएस-२ चा खेळ खल्लास, असं वाटणं साहजिक होतं. झालं उलटंच! २००७-०८ या आर्थिक वर्षात सोनीने पीएस-३ चे ९० लाखांहून थोडे जास्त नग दुकानांकडे पाठवले, तर पीएस-२ चे तब्बल १ कोटी ३७ लाख. त्याचं उत्पादन बंद झालं ते थेट २०१३ च्या जानेवारीत. म्हणजे वारसदार आल्यावरही सहा वर्षं. एकूण विक्री १६ कोटींच्या घरात.

खिशाचं गणित

पहिलं कारण सरळ आहे. अमेरिकेत पीएस-३ आला तो ४९९ आणि ५९९ डॉलरला. तेव्हा पीएस-२ मिळत होता १२९ डॉलरमध्ये, आणि २००९ मध्ये तो ९९ वर आला. वर त्यावर सिनेमाच्या डीव्हीडीही चालायच्या. त्यामुळे घरच्यांना पटवणं सोपं!

पण किंमत इतकी उतरवणं सोनीला जमलं कसं? पीएस-२ च्या मुख्य चिप्स सोनीच्या हातात होत्या. कंपनीने त्या लहान केल्या, पुढे दोन चिप्सची एकच केली आणि २००४ मध्ये स्लिम मॉडेल आणलं. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सच्या चिप्स मात्र इंटेल आणि एनव्हिडियाच्या होत्या. खर्च कमी करणं आपल्या हातात नाही म्हटल्यावर, २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० येताच थोरल्याला गुंडाळण्यात आलं. त्याची गाडी साधारण २.४ कोटींवर थांबली.

गेम्स येत राहिले

नुसतं स्वस्त असून भागत नाही, खेळायला काहीतरी नवं लागतं. ‘गॉड ऑफ वॉर २’ हा गाजलेला गेम पीएस-३ आल्यानंतर, मार्च २००७ मध्ये, पीएस-२ वरच आला. ‘फिफा १४’ तर उत्पादन बंद झाल्यावर आला!

या लांबलेल्या आयुष्याचा फायदा आपल्यालाही झाला. २००९ मध्ये पीएस-२ साठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजी असलेला ‘देसी अड्डा’ हे भारतात तयार झालेले गेम्स आले. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आला. तेव्हा पाश्चात्त्य स्टुडिओ पीएस-३ च्या मागे धावत होते. आपल्याकडच्या नवख्या टीम्सना मात्र कन्सोलवर पहिलं पाऊल टाकायला जागा मिळाली ती या ‘म्हाताऱ्या’ मशिनवर. आपल्या गल्लीतले खेळ स्क्रीनवर दिसायला तो जुनाच कन्सोल कामी आला.

मग जुना घ्यावा का?

बजेट कमी असेल तर जरूर विचार करा. फक्त दुकानदार काय म्हणतो यापेक्षा तीन गोष्टी बघा. त्यावर नवे गेम्स अजून येतायत का? कंट्रोलर आणि सुटे भाग मिळतात का? आणि ऑनलाइन सेवा किती दिवस चालणार आहे?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पीएस-२ वरच्या ‘फायनल फँटसी ११’ या ऑनलाइन गेमची सेवा मार्च २०१६ मध्ये बंद झाली. मशीन ठणठणीत असलं तरी त्यावरचा तो गेम संपला. आता पीएस-४ घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, की जानेवारी २०२६ पासून प्लेस्टेशन प्लसच्या दरमहा मिळणाऱ्या गेम्समध्ये पीएस-४ वर भर राहणार नाही, असं सोनीने आधीच सांगितलंय. डिस्कवरचे गेम्स खेळायचे असतील तर थोरला अजून मस्त साथ देईल. मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचं असेल, तर आणखी थोडे पैसे साठवलेले बरे.